तांदळातला खडा आणि टेकडीवरचा रातवा

गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या एका पानावर कुठल्यातरी पक्ष्याने घाण केली होती. काळपट तपकिरी, मधोमध पांढरा ओघळ, वर ओलसर चकाकी. फोडणी तापत होती म्हणून मी ते पान सोडून शेजारची डहाळी तोडली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन पान पुसायला गेले, तर त्या घाणीने अंग आक्रसलं आणि डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर काढलं. वर उग्र वास.

मी ओरडले. आई आतूनच म्हणाली, "अगं, पुसू नकोस तिला. अळी आहे ती, फुलपाखराची."

"मग आधी सांगायचं नाही?"

"मला वाटलं, तुला दिसतेय."

दिसत तर होतीच. तीन दिवस माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, हिरव्यागार पानाच्या मधोमध, कशाच्याही आड न लपता बसली होती. मला ती दिसली, मी तिची नोंद घेतली, आणि खाण्याजोगं काही नाही म्हणून हात मागे घेतला. तिला नेमकं हेच हवं होतं, फक्त माझ्याऐवजी एखाद्या बुलबुलाकडून.

प्राणी आपल्या परिसरात बेमालूम मिसळून जातात, त्याला शास्त्राच्या पुस्तकांत मायावरण म्हणतात. बोलताना आपण सरळ कॅमोफ्लाज म्हणतो. हा शब्द ऐकला की हिरव्या गवतात हिरवा टोळ, एवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे ही सगळी गंमत कातडीच्या रंगात आहे असं वाटत राहतं. प्रत्यक्षात ती निम्मी बघणाऱ्याच्या डोक्यात असते. बघणारा बदलला की तोच प्राणी एकाला लख्ख दिसतो आणि दुसऱ्याला अजिबात नाही.

आधी अळीचं बोलू. ती करत होती ते मिसळणं नव्हतं, ते सोंग होतं. बहुरूपी हवालदाराच्या वेशात दारात उभा राहतो तेव्हा तो लपलेला नसतो. आपण त्याला नीट बघतो, फक्त भलताच कुणीतरी समजतो. सुक्या काडीसारखे दिसणारे काडीकिडे आणि पंख मिटले की देठाशिरांसकट वाळकं पान होणारं सह्याद्रीतलं ब्लू ओकलीफ फुलपाखरू हे सगळे याच जातीचे सोंगाडे.

पण भक्षक खरोखर फसतो, की त्याला ते दिसतच नाही? हे दोन प्रश्न वेगळे काढायला २०१० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक साधी युक्ती केली. कोंबडीच्या पिल्लांचे गट केले. काही पिल्लांना आधी खऱ्याखुऱ्या काड्या दाखवल्या, काहींना जांभळा दोरा गुंडाळलेल्या काड्या आणि काहींना काहीच नाही. मग सगळ्यांपुढे काडीसारखी दिसणारी अळी ठेवली, तीही उघड्यावर, जिथे न दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांनी खऱ्या काड्या पाहिल्या होत्या ती पिल्लं चोच मारायला बिचकली, वेळ लावला. बाकीच्यांनी तिला अळीसारखंच वागवलं. म्हणजे काडी माहीत असेल तरच काडीचं सोंग चालतं.

या सोंगालाही वयाची अट असते. माझ्या कढीपत्त्यावरची अळी कॉमन मॉर्मन नावाच्या काळ्या फुलपाखराची होती. लहानपणी ती पक्ष्याच्या घाणीसारखी दिसते, पण शेवटची कात टाकली की एकदम हिरवी होते. बोटभर लांब घाणीवर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा वाढल्यावर पानात मिसळलेलंच बरं. याच कुळातल्या एका फुलपाखरावर जपानमध्ये काम झालं. अळीच्या अंगातलं ज्युवेनाइल हार्मोन कमी झालं की पुढच्या कातीत हा वेषपालट होतो, असं २००८ मध्ये दिसून आलं. हार्मोन चढतं ठेवलं तर अळी मोठी होऊनही जुनाच वेष घालून बसते.

आता मिसळण्याकडे वळू. त्यासाठी तांदूळ निवडायला बसावं लागेल.

हल्ली पिशवीतला तांदूळ स्वच्छ येतो, पण ज्यांनी आजीशेजारी बसून ताटात तांदूळ पसरलाय त्यांना आठवेल. काळा खडा पहिल्या नजरेत सापडतो, पांढरा सापडता सापडत नाही. तो दाताखालीच येतो. पण एक पांढरा खडा सापडला की पुढचे पटापट दिसायला लागतात. खडे तेच, तांदूळ तोच. मग बदललं काय? डोक्यात खड्याचा एक साचा तयार झाला आणि नजर आता तो साचा घेऊन फिरतेय. पक्ष्यांचंही असंच होतं. लूक टिनबर्गेन या डच अभ्यासकाने पाइनच्या जंगलातले पक्षी पिल्लांना काय भरवतात ते मोजलं. १९६० मध्ये छापून आलेल्या त्या कामात त्याने म्हटलं की एखाद्या जातीच्या अळ्या नव्याने बाहेर पडतात तेव्हा पक्षी सुरुवातीला त्या फारशा आणत नाहीत. मग संख्या वाढते, अळी वारंवार समोर येते, आणि एकदम तिचाच सपाटा सुरू होतो. साचा बसला! म्हणून भक्षकाच्या दृष्टीने जो नेहमीचा, तो धोक्यात असतो आणि जो थोडा वेगळा, तो वाचतो. एकाच जातीच्या पतंगांमध्ये रंगाचे इतके प्रकार का टिकून राहतात, याचं एक उत्तर यात आहे.

रंग जुळला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारात बांगडा हातात घेऊन बघा. पाठ निळसर-हिरवी, त्यावर गडद रेघा. बाजूने खाली येताना रंग फिका होत जातो आणि पोट चांदीसारखं. असं का? उजेड वरून पडतो. एकरंगी गोल वस्तू उजेडात धरली तर वरची बाजू उजळते, खालची सावलीत काळवंडते, आणि त्या सावलीमुळेच आपल्याला तिचा गोलपणा कळतो. चित्रकार सपाट कागदावर गोल सफरचंद काढतो ते असंच, खालून सावली देऊन. बांगड्याने ते उलटं केलंय. जिथे उजेड जास्त तिथे गडद रंग, जिथे सावली तिथे फिका. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि पाण्यात मासा चपटा, जवळजवळ नसल्यासारखा दिसतो. शिवाय वरून बघणाऱ्या पक्ष्याला गडद पाठ खोल पाण्यात विरलेली दिसते, खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला चंदेरी पोट वरच्या उजेडात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसलाच, तर त्याचंही पोट बघा. वर माळाचा रंग, खाली पांढरं.

ही गोष्ट नीट मांडली ती एका चित्रकाराने, यात नवल नाही. अमेरिकेच्या ॲबट थेयर याने १८९६ मध्ये पक्षीतज्ज्ञांच्या सभेत चक्क रताळी तारेवर टांगून प्रयोग दाखवला. एकरंगी रताळी लांबून दिसायची, पाठ गडद आणि पोट फिकं रंगवलेली दिसेनाशी व्हायची. पण एक खरी गोष्ट सापडली की माणसाला सगळीकडे तीच दिसायला लागते. थेयरने १९०९ च्या आपल्या पुस्तकात असा दावा केला की प्राण्यांचे सगळेच रंग लपण्यासाठी असतात, आणि फ्लेमिंगो गुलाबी असतात ते पहाटे-संध्याकाळच्या आकाशात मिसळून जावेत म्हणून! अमेरिकेचे माजी अध्यक्ष आणि पट्टीचे शिकारी थिओडोर रूझवेल्ट यांनी १९११ मध्ये लांबलचक लेख लिहून याची यथेच्छ खरडपट्टी काढली. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच, बघितलेल्या कुणालाही रूझवेल्टची बाजू पटेल. मावळतीला ते झाकले जातात कसले, उजेडाकडे पाठ करून उभे असले की काळे उठून दिसतात. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून, शेवाळ आणि झिंग्यासारख्या जिवांतून, येतो.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वाघासमोर उभं राहिलं की दर वेळी एखादं पोर विचारतं, "हा एवढा केशरी, जंगलात लपणार कसा?" अगदी रास्त प्रश्न. उत्तर असं की तो आपल्यासाठी लपतच नाहीये. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यांत दोनच. लाल-केशरी आणि हिरवा यांतला फरक त्यांना जवळपास कळत नाही. चितळाच्या नजरेत वाघ आणि गवत एकाच मातकट-हिरवट रंगाचे. २०१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात दोन रंगांच्या नजरेला दिसतील तशी चित्रं संगणकावर तयार करून हे तपासलं गेलं, तेव्हा वाघासारखा केशरी रंग शोधणं खरंच अवघड ठरलं. मग वाघ सरळ हिरवाच का झाला नाही? कारण सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवं रंगद्रव्य बनतच नाही. काळ्या-तपकिरी आणि तांबूस-पिवळ्या छटांवरच भागवावं लागतं. आणि चितळाला चालतंय म्हटल्यावर अडचण कुठे आहे?

वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके यांची करामत अजून वेगळी. आपली नजर कुठलीही वस्तू ओळखते ती कडेवरून: हे डोकं, ही पाठ, इथे शेपूट. ठळक ठिपके ती कडच मोडतात. जुन्नरच्या उसात बिबट्या बसलेला असतो तेव्हा पात्यांमधून उन्हाचे कवडसे पडतात, त्यात अंगावरचे ठिपके मिसळतात, आणि नजरेला उजेड-सावलीचे तुकडे दिसतात, जनावर दिसत नाही. चित्रांचं कोडं सुटं करून टेबलावर पसरलंय, तसं. ऊसतोडीच्या टोळीला त्याची पिल्लं अगदी पायाशी येईपर्यंत दिसत नाहीत ती यामुळेच.

आणि आता रातवा (इंग्रजीत नाइटजार), तो पक्षी, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

एप्रिलमधली सकाळ, वेताळ टेकडी, खाणीच्या अलीकडचा मुरमाड उतार. रोज चालायला येणाऱ्या एका काकांनी मला थांबवलं. "इथेच उभी राहा. पुढे जाऊ नकोस. त्या दगडाच्या डावीकडे बघ."

"काका, कुठला दगड?"

"जो दगड नाही, तो."

पाच मिनिटं बघत होते. मुरूम, वाळकी पानं, गवताची खुंटं, मुरूम. मग एका पानाला चोच आहे असं वाटलं. चोचीमागे बारीक फट होती, ती म्हणजे मिटलेला डोळा. आणि एकदम, खडा सापडावा तसा, अख्खा पक्षी समोर. राखाडी, तपकिरी, पिवळट, काळ्या बारीक रेषा. अंग जमिनीला असं चिकटवलेलं की बाजूला सावलीच पडू नये. मी फोनवर फोटो काढला आणि पावलं न वाजवता मागे फिरले. घरी येऊन तो आईला दाखवायला गेले, तर माझ्याच फोटोत मला तो सापडेना. अजूनही सापडलेला नाही.

रातवा घरटं बांधत नाही. जमिनीवरच अंडी घालतो आणि त्यांवर बसून राहतो. कुत्रं, मुंगूस, माणूस अगदी जवळ येईपर्यंत उठत नाही. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, बांधकामाच्या खडीवर, टिटवीही अशीच उघड्यावर अंडी घालते, बहुतेक वेळा चार, टोकं आत करून मांडलेली. पण तिचा स्वभाव उलटा. आपण शंभर पावलांवर असतानाच ती उठते, डोक्यावर घिरट्या घालते आणि सगळी सोसायटी जागी करते. या दोन स्वभावांचा रंगाशी थेट संबंध आहे. झांबियामध्ये रातव्यांच्या आणि टिटवीच्या नात्यातल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर काम करून २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं की जे पक्षी शेवटपर्यंत बसून राहतात त्यांची अंडी वाचणं पक्ष्याच्या पिसांचा रंग जमिनीशी किती जुळतो यावर ठरतं, आणि जे लवकर उठून जातात त्यांच्या बाबतीत अंड्यांचाच रंग महत्त्वाचा. कारण मागे उघड्यावर राहतात ती अंडी. टिटवीची अंडी बघा: मातकट, वर काळपट डाग, खडीत टाकली तर खडी.

पुढच्या वर्षी त्याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. एकाच जातीतले दोन पक्षीसुद्धा सारख्या रंगाचे नसतात, आणि प्रत्येक जण आपल्या स्वतःच्या रंगाला जुळेल अशी जागा निवडतो. थोडा तांबूस पक्षी तांबूस मातीवर बसतो, थोडा राखाडी असेल तो राखाडीवर. त्याला आरसा कोणी दाखवला? बहुधा तो स्वतःची अंडी आणि पिसं बघत असेल, किंवा मागच्या खेपेला जिथे निभावलं तिथेच परत बसत असेल. हा दुसरा अंदाज मला जास्त पटतो. आपणही बसमध्ये नेहमीचीच जागा धरतो.

रंग बदलण्याची गोष्ट निघाली की मराठीत सरड्याची आठवण ठरलेली. पण कुंपणावरचा आपला साधा सरडा विणीच्या काळात डोकं लालभडक करून डुलायला लागतो, तेव्हा तो लपत नसतो, जाहिरात करत असतो. शॅमेलिऑनचाही बराचसा रंगबदल आपसांतल्या कुरबुरी, प्रणय आणि ऊन-थंडीसाठी असतो. २०१५ मध्ये जिनिव्हात कळलं की त्याच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. तो शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा उजेड परतवतात, त्यात कातडीतला पिवळा मिसळून हिरवा दिसतो. तो चिडला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळा-तांबडा परततो. बांगड्याच्या पोटाची चांदीही याच ग्वानिनची. लपण्यासाठी रंग बदलण्यात खरा उस्ताद म्हणजे माकूळ (स्क्विड). बाजारातल्या माकळाच्या कातडीवर बारीक तपकिरी ठिपके दिसतात. तो प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची एक पिशवी, भोवती ताणणारे स्नायू. मेंदूकडून हुकूम आला की क्षणात पिशवी पसरते किंवा मिटते. गंमत म्हणजे रंग ओळखणाऱ्या पेशी त्याच्या डोळ्यात एकाच प्रकारच्या असतात. म्हणजे हा रंगारी स्वतः रंगांधळा.

नाकाचंही थोडं. कुत्र्या-मुंगसापुढे नुसता रंग काय कामाचा? जमिनीवर अंडी घालणारे काही किनारपक्षी विणीच्या काळात पिसांना लावायच्या मेणाचा प्रकारच बदलतात, त्याला वास कमी येतो. आफ्रिकेतला पफ ॲडर हा आपल्या घोणशीच्या नात्यातला, दबा धरून बसणारा साप. शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांना त्याची कात वासावरून सापडली, पण जिवंत साप सापडला नाही, असं २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दिसलं.

हे सगळं कोणी ठरवून केलेलं नाही, हे मात्र पोरांना समजावताना नेहमी अडतं. "मग पतंगाला कळलं कसं?" त्याला काहीच कळलं नाही. इंग्लंडमध्ये मिरपूड भुरभुरल्यासारखा दिसणारा एक पांढरा पतंग आहे. १८४८ मध्ये मँचेस्टरला त्याच जातीतला एक काळा पतंग सापडला. गिरण्यांच्या धुराने झाडं काजळली होती, त्यावर पांढरे पतंग पक्ष्यांना दिसू लागले, काळे वाचून वंश वाढवू लागले. १८९५ पर्यंत त्या भागातले साधारण ९८ टक्के पतंग काळे झाले होते. १९५६ मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला, खोडं पुन्हा उजळली, आणि हळूहळू पांढरे परत आले. या गोष्टीवर मध्यंतरी बऱ्याच शंका घेतल्या गेल्या. म्हणून मायकेल मॅजेरस यांनी केंब्रिजमध्ये २००१ ते २००७ या काळात ४,८६४ पतंग सोडून, पक्षी कोणते टिपतात ते पाहिलं. काळ्यांनाच जास्त फटका बसला. एकाही पतंगाने रंग बदलला नव्हता. खाली जमीन बदलली होती, आणि वर चोची होत्या.

म्हणून टेकडीवर उभं राहून "काय हा ओसाड माळ, चार झाडं लावली पाहिजेत" असं कोणी म्हणालं की माझं पित्त खवळतं. मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत आपल्या टेकड्या ज्या वाळक्या, मळकट रंगाच्या असतात, तोच रंग रातव्याच्या पिसांत, लाव्याच्या पाठीवर, चंडोलाच्या अंगात आहे. त्यांचे कपडे त्या कापडाचेच बेतलेले. वेताळ टेकडीवर कित्येक ठिकाणी गिरिपुष्पाची दाट लागवड झालीय. तिथे खाली गर्द सावली आणि पानांचा जाड थर. मुरमाच्या रंगाचा पक्षी तिथे कशावर बसणार? झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे खरं, पण माळ म्हणजे रिकामी जागा हा समज काही जात नाही.

ते काका गेल्या आठवड्यात पुन्हा भेटले. रातवा या वर्षी जरा वरच्या अंगाला बसलाय म्हणाले, नेमकं कुठे ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कढीपत्त्याच्या अळ्या दोन होत्या, हे मला नंतर कळलं. एकीने झाडाच्याच हिरव्या डहाळीला कोष केला, हिरवा. दुसरी कुंडीवरून उतरून कुठेतरी निघून गेली. मी शोधलं, मिळाली नाही. या कुळातल्या अळ्या गुळगुळीत हिरव्या काडीवर हिरवा कोष करतात, खरखरीत वाळकीवर तपकिरी, हे तोवर वाचून झालं होतं, तरी माझी नजर हिरवाच शोधत होती. चार दिवसांनी आईने गॅलरी झाडायला कोपऱ्यातला खराटा उचलला, उचलता उचलता थांबली आणि तो हळूच परत भिंतीला टेकवून ठेवला.

"आता दोन आठवडे फडक्यानेच पुसू," म्हणाली.

मी खराट्याजवळ जाऊन उकिडवी बसले. काड्या, काड्या, काड्या.